परदेशी विद्यापीठ निवडताना व्हिसाचे नियम शेजारी उघडे ठेवा

परदेशात शिकायला जाणारे बहुतेक जण कामाचा क्रम असा लावतात: आधी देश, मग विद्यापीठ, मग ऑफर लेटर, मग पैशांची जमवाजमव आणि सगळ्यात शेवटी व्हिसा. कागद याच क्रमाने तयार होतात, हे खरं. पण विचार मात्र उलट्या टोकाकडून करावा लागतो. व्हिसा नाकारला जाण्याची बरीचशी कारणं अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी पेरलेली असतात. भलत्याच संस्थेत घेतलेला प्रवेश, आधीच्या शिक्षणाशी काडीचाही संबंध नसलेला कोर्स, घाईघाईने कुठूनतरी आणून खात्यात टाकलेली रक्कम. ही कारणं शेवटच्या महिन्यात दुरुस्त होत नाहीत.

म्हणून ज्या देशाचा विचार चालू आहे, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचं विद्यार्थी व्हिसाचं पान पहिल्याच दिवशी वाचून काढा. खाली दिलेले आकडे आणि नियम अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया या पाच देशांचे आहेत. रकमा साधारण दरवर्षी बदलतात, त्यामुळे पैसे भरायच्या आठवड्यात त्या पुन्हा एकदा पडताळून घ्या.

पहिली पायरी: तारखा मागून पुढे मोजा

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार असतील, तर कामाला आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्ये लागावं. भाषेच्या परीक्षेसाठी दोन-तीन महिने, विद्यापीठांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी, उत्तरं मार्च-एप्रिलपर्यंत, अनामत रक्कम भरून व्हिसाचा कागद हातात यायला मे, आणि व्हिसाचा अर्ज जूनमध्ये. जर्मनीत बऱ्याच विद्यापीठांची हिवाळी सत्राची शेवटची तारीख १५ जुलै आणि उन्हाळी सत्राची १५ जानेवारी असते. परदेशी अर्जदारांसाठी मात्र ती अनेकदा यापेक्षा खूप अलीकडे आणलेली असते, कारण व्हिसाला लागणारा वेळ विद्यापीठांनाही माहीत असतो.

फार लवकर सुरुवात करण्यातही एक अडचण आहे. आयईएल्‌टीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षांपुरतेच धरले जातात. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा देशाबाहेरून मागायचा तर कोर्स सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासूनच अर्ज करता येतो, त्याआधी नाही. पासपोर्टची मुदत कोर्स संपेपर्यंत असेल तर उत्तम. कॅनडात शिक्षण परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे सहसा देत नाहीत, त्यामुळे दोन वर्षांच्या कोर्सला सव्वा वर्षाचा परवाना हातात पडतो आणि मग तिथे गेल्यावर वाढवून घेण्याची कटकट मागे लागते.

दुसरी पायरी: संस्था आणि कोर्स

विद्यापीठाचं नाव मोठं आहे की नाही हा नंतरचा प्रश्न. त्या संस्थेला परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना आहे का, हे आधी बघा. प्रत्येक देशाची यादी वेगळी आणि सगळ्यांना खुली असते. अमेरिकेत संस्था एसईव्हीपी प्रमाणित लागते. ब्रिटनमध्ये ती परवानाधारक स्पॉन्सरांच्या यादीत असावी लागते. कॅनडात तिला डीएलआय क्रमांक हवा, तर ऑस्ट्रेलियात संस्था आणि कोर्स दोन्ही क्रिकोस नोंदवहीत हवेत. जर्मनीत प्रश्न उलटा येतो: तुमची आधीची पदवी तिथे मान्य आहे का? ते अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये शोधता येतं.

यादीत नाव आहे म्हणून सगळं आलबेल असंही नाही. कॅनडाचंच घ्या. डीएलआय क्रमांक असलेल्या प्रत्येक संस्थेच्या विद्यार्थ्याला शिक्षणानंतरचा वर्क परमिट मिळत नाही, त्यासाठीची पात्र संस्थांची खूण वेगळी असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून तर पदवी नसलेल्या डिप्लोमा-सर्टिफिकेट कोर्सेसना ठरावीक विषयांची अटही लागली आहे. पदवी, मास्टर्स आणि पीएचडी करणाऱ्यांना ही विषयाची अट नाही. शिकून झाल्यावर तिथेच दोन वर्षं नोकरी करायची या हिशोबाने कर्ज काढलेल्याला हे आधी कळलेलं बरं.

कोर्सच्या पानावर तीन शब्द शोधा: पूर्णवेळ, प्रत्यक्ष वर्गात, आणि कालावधी. अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याने सत्राला किमान १२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) घ्यावे लागतात आणि पूर्णवेळच्या मोजणीत ऑनलाइन अभ्यासाचे जास्तीत जास्त तीन क्रेडिट धरले जातात. वैद्यक, कायदा, नर्सिंग, वास्तुरचना अशा परवान्याच्या व्यवसायांत तर पदवी एका देशाची आणि काम दुसऱ्या देशात असा पेच पडतो. जिथे काम करायचं आहे तिथल्या परवाना मंडळाची मान्य पदव्यांची यादी बघूनच अर्ज करा.

विषय बदलायला हरकत नाही, पण बदलाला कारण हवं. अभियांत्रिकीनंतर मास्टर्स इन डेटा सायन्स हे व्हिसा अधिकाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मास्टर्स झालेला माणूस त्याच विषयातल्या एक वर्षाच्या डिप्लोमाला निघाला, तर मात्र त्याचा खरा हेतू नोकरी किंवा स्थलांतर असावा अशी शंका येते. अशा वेळी त्या डिप्लोमात नेमकं काय शिकायला मिळतं जे आधीच्या पदवीत नव्हतं, हे दोन-तीन विषयांच्या नावांसकट लिहावं लागतं.

एजंटबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. विद्यार्थ्याकडून एक पैसाही न घेणाऱ्या एजंटला कमिशन सहसा विद्यापीठ देतं. त्यात गैर काही नाही, पण मग त्याच्या यादीत कमिशन देणारी विद्यापीठंच वर का दिसतात तेही उमगतं. यादी आपली आपण करावी, फॉर्म भरायला हवी तर मदत घ्यावी.

तिसरी पायरी: ऑफर लेटर म्हणजे व्हिसाचा कागद नव्हे

इथे बरेच जण गोंधळतात. ऑफर दोन प्रकारची असते, अटींसह आणि बिनशर्त. शेवटच्या सत्राचे गुण, भाषेची परीक्षा, मूळ प्रमाणपत्रं अशा अटी पूर्ण झाल्या आणि अनामत भरली, की विद्यापीठ एक वेगळा कागद किंवा क्रमांक देतं. व्हिसा त्यावर मिळतो. अमेरिकेत तो आय-२०, ब्रिटनमध्ये कॅस क्रमांक, ऑस्ट्रेलियात सीओई. कॅनडात प्रवेशपत्रासोबत प्रांताचं किंवा प्रदेशाचं प्रमाणपत्र लागतं. २०२६ च्या सुरुवातीपासून सरकारी संस्थांतल्या मास्टर्स-पीएचडीच्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट आहे. जर्मनीत विद्यापीठाचं प्रवेशपत्रच चालतं.

हा कागद हाती आला की पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कोर्सची सुरुवात आणि शेवट, एकूण फी आणि भरलेली फी. ब्रिटनच्या कॅसमध्ये भरलेल्या अनामतीची नोंद राहून गेली, तर तेवढी रक्कम अजून भरायची आहे असं धरून पैशाचा हिशोब होतो. नोंद दुरुस्त करून घ्या किंवा विद्यापीठाची पावती जोडा. गुणपत्रिकेवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर ही विसंगती व्हिसाच्या वेळी नव्हे, विद्यापीठाचा पहिला अर्ज भरतानाच मिटवावी. नाहीतर तीच चूक पुढच्या प्रत्येक कागदावर उमटत जाते.

चौथी पायरी: पैसा

बरेच अर्ज जिथे अडतात ती ही जागा. अडतात ते पैसे नसल्यामुळेच असं नाही. पैसे असूनही ते नियमात सांगितलेल्या पद्धतीने न दाखवल्यामुळे कितीतरी अर्ज परत येतात.

ब्रिटनचा नियम सगळ्यात काटेकोर, म्हणून तोच उदाहरणाला घेऊ. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये शिकणाऱ्याला राहण्याच्या खर्चासाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड दाखवावे लागतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. समजा कोर्स लंडनमध्ये आहे, पहिल्या वर्षाची फी २२,००० पौंड आणि त्यातले ५,००० भरून झाले. उरलेली फी १७,००० अधिक नऊ महिन्यांचे १३,७६१, म्हणजे ३०,७६१ पौंड. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असायला हवी, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला हवा. सतराव्या दिवशी खातं एका पौंडाने जरी खाली गेलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. खातं दुसऱ्या चलनात असेल तर विनिमय दर वरखाली होतो, त्यामुळे पाच ते दहा टक्के रक्कम जास्तीची ठेवणं शहाणपणाचं.

खातं कोणाचं चालेल हेही ठरलेलं आहे. स्वतःचं, जोडीदाराचं, आई-वडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं. आई-वडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. काका, मामा, मोठा भाऊ यांचे पैसे कितीही प्रेमाने दिलेले असले, तरी त्यांच्या खात्याचं स्टेटमेंट इथे उपयोगाचं नाही. ते पैसे वेळेत स्वतःच्या खात्यात आणून २८ दिवस ठेवावे लागतात. शेअर, म्युच्युअल फंड, जमीन, दागिने यांची मोजणी होत नाही.

जर्मनीची रीत वेगळी आणि तुलनेने सरळ. तिथे वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात, ज्याला जर्मनमध्ये श्पेरकोंटो म्हणतात, आधीच जमा करायचे. तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो हातात येतात. घोळ होतो तो रक्कम पाठवताना. मधल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात, खात्यात ११,८७० पोचतात आणि खातं पूर्ण भरल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. पाठवताना सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे असा पर्याय निवडा आणि वर थोडी रक्कम जास्त टाका. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते, पण सरसकट नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही अशी फी सुरू केली आहे.

कॅनडात १ सप्टेंबर २०२५ पासून क्वेबेक सोडून इतरत्र एकट्या विद्यार्थ्याला राहण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा. ऑस्ट्रेलियात राहण्याचा वर्षाचा आकडा २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर. अमेरिकेत एकच ठरलेला आकडा नाही. आय-२० वर विद्यापीठानेच फी, राहणं, विमा यांची बेरीज छापलेली असते, आणि तेवढ्या पैशांची सोय कुठून झाली हे सांगता आलं पाहिजे.

शैक्षणिक कर्ज काढत असाल तर मंजुरीपत्र नीट वाचा. ‘तारण पडताळणीच्या अधीन’ असं वाक्य त्यात असेल तर ती अंतिम मंजुरी नव्हे. खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल, तर ती कुठून आली याचा कागद सोबत ठेवा: मालमत्ता विक्रीचा करार, ठेव मोडल्याची पावती, जे असेल ते. आणि तिथे जाऊन पार्टटाइम काम करून भागवू हे गणित मांडू नका. आर्थिक पुराव्यात ती भावी कमाई धरली जात नाही, शिवाय तासांना मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये पदवी आणि वरच्या अभ्यासाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत सत्रकाळात कॅम्पसवर २० तास, बाहेर वेगळी परवानगी घेतल्याशिवाय नाहीच.

पाचवी पायरी: अर्ज, शुल्क, तपासण्या

अमेरिकेसाठी तीन वेगळी कामं असतात आणि ती एकमेकांत मिसळली जातात. सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी सरकारी प्रणाली, तिचं शुल्क ३५० डॉलर; डीएस-१६० हा व्हिसा अर्जाचा ऑनलाइन फॉर्म; आणि व्हिसा अर्जाचं १८५ डॉलर शुल्क. डीएस-१६० चा पुष्टी क्रमांक मुलाखतीच्या अपॉइंटमेंटमधल्या क्रमांकाशी जुळायला हवा. चूक सापडली म्हणून नवा फॉर्म भरलात, तर अपॉइंटमेंटमधला क्रमांकही बदला.

ब्रिटनमध्ये अर्जाच्या शुल्काखेरीज आरोग्य अधिभार एकरकमी भरावा लागतो, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या मास्टर्सला एवढेच लागतील असं वाटतं, पण व्हिसा कोर्सच्या आधीचा महिना आणि नंतरचे चार महिने धरून मिळतो. एकूण १७ महिने होतात, वरचे पाच महिने अर्धं वर्ष धरतात, म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पौंड होतात. हा खर्च कोणाच्याच बजेटमध्ये नसतो. ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या पूर्ण काळाचा ओएसएचसी आरोग्य विमा आधीच घ्यावा लागतो.

क्षयरोगाची किंवा इतर वैद्यकीय तपासणी लागते का, ते तुम्ही कोणत्या देशात राहत होता त्यावर ठरतं. तपासणी फक्त त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरांकडे चालते, ओळखीच्या दवाखान्यात केलेली नाही. ब्रिटनचं क्षयरोग प्रमाणपत्र सहा महिने चालतं. कागद मागितलेल्या भाषेत नसतील तर अधिकृत अनुवाद हवा, आणि काही देश कागद खरा असल्याचा अपोस्टिल नावाचा शिक्काही मागतात. १९६१ च्या हेग कराराने आलेला हा शिक्का कागद देणाऱ्या देशातच मिळतो, परदेशी दूतावासात नाही.

सहावी पायरी: हेतू सांगणं

ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये हेतू सांगणारा जुना लांबलचक निबंध काढून टाकला. आता ठरावीक प्रश्नांना प्रत्येकी १५० शब्दांत उत्तरं द्यायची. कॅनडात स्टडी प्लॅन, म्हणजे काय आणि का शिकायचं याचं टिपण, लिहितात. अमेरिकेत बहुतेक वेळा सगळं दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत आटोपतं, आणि कायदा अर्जदाराच्या बाजूने नसतो: कलम २१४(ब) नुसार प्रत्येक अर्जदार कायमचा राहायला आला आहे असंच आधी गृहीत धरतात, तसं नाही हे तुम्ही पटवून द्यायचं.

‘जागतिक दर्जाचं शिक्षण’, ‘बहुसांस्कृतिक वातावरण’ असली वाक्यं अधिकाऱ्याने त्याच दिवशी चाळीसदा वाचलेली असतात. त्यापेक्षा कोर्समधले दोन विषय, ते शिकवणारा विभाग, आणि परतल्यावर कोणत्या प्रकारच्या कामात त्यांचा उपयोग, हे साध्या शब्दांत सांगा. शिक्षणात दोन वर्षांचा खंड असेल तर तो झाकू नका, त्या काळात काय केलं त्याचा कागद लावा. आणि लिहिलेलं, फॉर्ममध्ये भरलेलं आणि तोंडाने सांगितलेलं एकच असू द्या. वडिलांचं उत्पन्न फॉर्ममध्ये एक, करपत्रात दुसरं आणि मुलाखतीत तिसरं असेल, तर तिथेच संपतं.

पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो लपवणं ही सगळ्यात महागडी चूक. नुसत्या नकाराने दार बंद होत नाही, खोटं बोलल्याने होतं. कॅनडात खोट्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी आहे, ब्रिटनमध्ये फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेत ती कायमची असू शकते. फॉर्म एजंटने भरला ही सबब चालत नाही. सही तुमची असते.

नकार आलाच तर

आधी पत्रातलं कलम वाचा. अमेरिकेत २२१(ग) खाली बऱ्याचदा कागद अपुरे किंवा तपास बाकी एवढाच अर्थ असतो. २१४(ब) वर अपील नाही, नव्याने अर्ज करता येतो. पण परिस्थितीत काही बदललं नसेल तर उत्तरही बदलत नाही. ब्रिटनबाहेरून केलेल्या अर्जाला नकार मिळाला, तर २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. ती फक्त अधिकाऱ्याची चूक झाली असेल तेव्हाच कामाची, आपला राहिलेला कागद नंतर जोडायला नाही. जर्मनीत दूतावासाकडे दाद मागण्याची रेमॉन्स्ट्रेशन नावाची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. नवा अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, हेच आता उरलं. बहुतेक विद्यापीठं अशा वेळी प्रवेश पुढच्या सत्रात ढकलू देतात. अनामत परत मिळण्याचे नियम मात्र पैसे भरण्याआधीच वाचलेले असावेत.

व्हिसा मिळाल्यावर

व्हिसा आणि राहण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडात पासपोर्टवरचा शिक्का प्रवेशापुरता असतो, खरा शिक्षण परवाना विमानतळावर छापून देतात. तिथून निघण्याआधी त्यावरचं नाव, मुदत आणि कामाच्या परवानगीची ओळ वाचा, चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. जर्मनीत घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाकडे निवास परवान्याचा अर्ज. अमेरिकेत आय-२० वरच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी उतरता येत नाही, त्यामुळे स्वस्त मिळालं म्हणून आधीचं तिकीट काढू नका.

मूळ कागदांची फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेलं सामान इमिग्रेशनच्या खिडकीनंतर मिळतं, आणि अधिकारी कागद मागतो तो त्याआधी. पुढे विद्यापीठ बदलायचं मनात आलं, तर नव्या विद्यापीठाच्या आधी जुन्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जा: कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून संस्था बदलायला नवा शिक्षण परवाना लागतो, आणि अमेरिकेत सेव्हिसमधली नोंद हस्तांतरित व्हावी लागते. क्रेडिट कमी करतानाही हेच. अभ्यासाचा ताण म्हणून एक विषय सोडला आणि १२ क्रेडिटचे ९ झाले, तर परवानगीशिवाय व्हिसाची अट मोडलेली असते आणि बऱ्याचदा ते विद्यार्थ्याच्या गावीही नसतं.